सुधारणा कोणाच्या पदरी पडली?

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अमेरिकेत सुधारणांची जी लाट आली, तिची हकिगत पाठ्यपुस्तकांतून मोठ्या समाधानाने सांगितली जाते. मक्तेदाऱ्यांना वेसण घातली गेली, अन्न व औषधे यांतील भेसळीवर कायद्याचा अंकुश आला, प्राप्तिकर सुरू झाला, सिनेटचे सभासद लोकांनी थेट निवडून द्यावयाचे ठरले, स्त्रियांना मताधिकार मिळाला. ही यादी खोटी नाही. त्यातले एकही कलम क्षुल्लक नाही. परंतु जमेच्या बाजूला किती रकमा मांडल्या आहेत एवढेच पाहून कोणी ताळेबंद तपासत नाही. त्या रकमा कोणाच्या खात्यावर पडल्या, हेही पाहावे लागते.

तसे पाहू लागले म्हणजे एक गोष्ट ठळकपणे नजरेत भरते. ज्या सुधारणा सुस्थित वर्गाच्या ताटाशी निगडित होत्या त्या लवकर आल्या आणि टिकल्या. ज्या कामगाराच्या देहाशी व त्याच्या वेळेशी निगडित होत्या त्या उशिरा आल्या, न्यायालयांत वारंवार बळी पडल्या, आणि जेथे टिकल्या तेथे बहुधा कामगार स्वतः त्यांच्या मागे उभे राहिले म्हणून टिकल्या. हे विधान कोणाला पक्षीय अभिनिवेशाचे वाटेल. म्हणून ते घटनांच्या आधारे पडताळून पाहणे इष्ट.

पहिला पुरावा शिकागोच्या कत्तलखान्यांचा. १९०४ च्या उन्हाळ्यात तेथील कामगारांनी संप केला आणि तो फसला. मालकांनी संपफोडे म्हणून काळ्या मजुरांना आणून उभे केले. भुकेल्याला भुकेल्यावर घालण्याची ही युक्ती जुनीच; तिने त्या वस्तीत जे विष पेरले ते पुढे अनेक वर्षे उगवत राहिले. या पराभवानंतर काही महिन्यांतच अप्टन सिंक्लेअर नावाचा २६ वर्षांचा लेखक शिकागोस आला. सुमारे सात आठवडे तो कत्तलखान्यांत व मजुरांच्या चाळींत हिंडला. कॅन्सस राज्यातील जिरार्ड या लहानशा गावाहून ‘अपील टू रीझन’ हे समाजवादी साप्ताहिक निघे. त्यात १९०५ साली त्याची ‘द जंगल’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली, आणि फेब्रुवारी १९०६ मध्ये ती पुस्तकरूपाने बाहेर आली. कादंबरीचा नायक युर्गिस हा लिथुएनियातून आलेला धट्टाकट्टा मजूर. त्याचे शरीर, त्याचे घर आणि त्याची बायकामुले ही कारखान्याच्या चाकांत कशी भरडली जातात, याची ती कथा आहे. लेखकाने ती अमेरिकेच्या कामगारांस अर्पण केली होती.

वाचकांनी मात्र त्यातून वेगळेच काही उचलले. कामगारांच्या दुर्दशेची पाने त्यांनी हळहळत उलटली. सडके मांस, उंदरांची विष्ठा आणि रसायने चोपडून विकलेले डबे यांच्या पानांवर ते थबकले. आपल्या ताटात काय पडते आहे या विचाराने देश हादरला. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना सिंक्लेअरचा समाजवाद मुळीच रुचत नव्हता, तरी त्यांनी मजूर आयुक्त चार्ल्स नील व जेम्स रेनल्ड्स यांना चौकशीसाठी धाडले. ३० जून १९०६ या एकाच दिवशी मांस तपासणीचा कायदा व शुद्ध अन्न आणि औषधांचा कायदा यांवर अध्यक्षांची सही झाली. पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून पाच महिन्यांच्या आत एखाद्या देशाने कायदा करावा, असे उदाहरण विरळाच. आपण नेम लोकांच्या काळजावर धरला आणि तो चुकून पोटावर लागला, अशा अर्थाची कबुली खुद्द सिंक्लेअरनेच पुढे दिली.

त्या कायद्यांत कामगारांचे वेतन, कामाचे तास, तुटलेली बोटे वा क्षयाने पोखरलेली छाती यांविषयी काहीच नव्हते. गुराची तपासणी होऊ लागली. ते गुरू कापणाऱ्या माणसाची झाली नाही. आणखी एक हिशेबही लक्षात घेण्याजोगा आहे. तपासणीचा खर्च कारखानदारांनी सोसावा, असा सिनेटर बेव्हरिज यांचा मूळ प्रस्ताव होता. कारखानदारांनी तो हाणून पाडला आणि दरसाल ३० लाख डॉलरचा खर्च सरकारी तिजोरीवर टाकला. सरकारी शिक्क्यामुळे त्यांच्या मालाला युरोपच्या बाजारात पत मिळाली ती निराळीच. या काळातील पुष्कळ नियमन मोठ्या भांडवलाला गैरसोयीचे होण्याऐवजी सोयीचेच ठरले, असा सिद्धान्त गॅब्रिएल कोल्को या इतिहासकाराने १९६३ साली मांडला. तो सर्वस्वी मान्य करण्याचे कारण नाही. पण कत्तलखान्यांच्या बाबतीत तो चपखल बसतो, हे नाकारता येत नाही.

कामगाराच्या बाजूने जेव्हा कायदे झाले तेव्हा काय घडले, ते आता पाहू. न्यूयॉर्क राज्याने १८९५ साली बेकरी कामगारांसाठी दिवसाला १० व आठवड्याला ६० तासांची मर्यादा घातली. तळघरातल्या भट्ट्यांपुढे, पिठाच्या धुळीत राबणाऱ्या माणसांसाठी ही मर्यादा काही उदार नव्हती. तरीही १९०५ साली लॉकनर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा रद्द केला. कारण काय, तर किती तास राबावे याचा करार करण्याचे मालक व मजूर यांचे स्वातंत्र्य त्यामुळे बाधित होते! एका बाजूला भट्टीचा धनी आणि दुसऱ्या बाजूला उद्याच्या भाकरीची भ्रांत असलेला मजूर, यांना समान बलाचे करारकर्ते मानण्याची ही किमया अर्थशास्त्राच्या कोणत्याही प्रामाणिक विद्यार्थ्याला चकित करील. राज्यघटना कोणत्याही एका आर्थिक मतप्रणालीला बांधलेली नसते, हे न्यायमूर्ती होम्स यांनी आपल्या भिन्नमतपत्रिकेत बजावले होते. पण ते अल्पमत होते.

हेच करारस्वातंत्र्य मजुराने संघटनेत शिरण्यासाठी वापरू म्हटले, की मात्र आटून जाई. युनियनचे सभासदत्व पत्करले म्हणून रेल्वे कामगाराला काढून टाकण्यास मज्जाव करणारी तरतूद त्याच न्यायालयाने १९०८ साली अडेअर खटल्यात रद्द ठरवली. मक्तेदारीविरुद्ध केलेला १८९० चा शर्मन कायदा त्याच वर्षी डॅनबरी येथील टोप्या बनवणाऱ्या कामगारांच्या बहिष्काराविरुद्ध लागू करण्यात आला. म्हणजे तेलसम्राटांसाठी घडवलेली बेडी टोपीवाल्या कारागिरांच्या पायांत पडली. तेलसम्राटांचे काय झाले? १९११ साली स्टँडर्ड ऑइलचे ३४ तुकडे करण्यात आले. त्या तुकड्यांच्या भागांचे भाव चढले आणि रॉकफेलर पूर्वीपेक्षा अधिक श्रीमंत झाले.

१९०८ सालीच ओरेगॉन राज्याचा स्त्री कामगारांसाठी १० तासांचा कायदा न्यायालयात टिकला, ही गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. फ्लॉरेन्स केली व जोसेफिन गोल्डमार्क यांनी कारखान्यांतील आरोग्याविषयीची माहिती चिकाटीने गोळा केली, लुई ब्रँडाइस यांनी ती न्यायालयापुढे ठेवली आणि कायदा वाचला. पण तो वाचला कोणत्या आधारावर? स्त्री दुर्बल आहे, ती भावी माता आहे, म्हणून तिला संरक्षण हवे, या आधारावर. कामगार म्हणून तिचा हक्क कोणी मान्य केला नाही. दया म्हणून जे दिले जाते त्याच्यासोबत दुर्बलतेचा दाखलाही गळ्यात बांधला जातो, तो असा.

बालमजुरांची कहाणी याहून करुण आहे. लुईस हाइन यांनी कॅमेरा घेऊन गिरण्या व खाणी धुंडाळल्या आणि चात्यांपाशी उभी असलेली कोवळी मुले देशाला दाखवली. देश द्रवला. १९१६ साली कायदा झाला: १४ वर्षांखालील मुलांकडून काम करून घेणाऱ्या कारखान्यांचा माल राज्याबाहेर जाऊ द्यावयाचा नाही. दोनच वर्षांत, जून १९१८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी तो रद्द केला. खटला नॉर्थ कॅरोलिनातील डॅगनहार्ट नावाच्या गिरणी कामगाराच्या नावाने चालला. आपल्या अल्पवयीन मुलांना गिरणीत राबवण्याचा हक्क त्याने मागितला होता. मागे बळ गिरणीमालकांचे होते. त्या मुलांपैकी रूबेन हा काही वर्षांनी एका वार्ताहराला भेटला तेव्हा त्याने सांगितले की, खटला जिंकून आपल्याला काहीच लाभले नाही, शाळा मात्र कायमची हुकली. काँग्रेसने कराच्या मार्गाने दुसरा कायदा केला. तोही १९२२ साली रद्द झाला. १९२४ साली घटनादुरुस्ती मांडली गेली. तिला पुरेशा राज्यांची संमती कधीच मिळाली नाही. बालमजुरीवर टिकाऊ राष्ट्रीय निर्बंध यावयास १९३८ साल उजाडावे लागले. मांसाला पाच महिने लागले. मुलांना, पहिल्या कायद्यापासून मोजले तरी, २२ वर्षे लागली.

या अंधाऱ्या चित्रात एक प्रकाशाची रेघ आहे, आणि आमच्या मते या कालखंडाचा खरा धडा तेथेच आहे. २५ मार्च १९११ रोजी, शनिवारी संध्याकाळी, न्यूयॉर्कमध्ये ट्रँगल नावाच्या ब्लाउज शिवणाऱ्या कारखान्यास आग लागली. कारखाना आठव्या, नवव्या व दहाव्या मजल्यावर होता. अग्निशामक दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होती. नवव्या मजल्यावरील जिन्याचा एक दरवाजा कुलूपबंद होता. १४६ माणसे मेली. त्यांत बहुसंख्य इटालियन व यहुदी घरांतून आलेल्या तरुण मुली होत्या. मालकांवर खटला झाला आणि डिसेंबरमध्ये ते निर्दोष सुटले.

येथवरची हकिगत इतर दुर्घटनांसारखीच आहे. फरक पडला तो पुढे, आणि त्याचे कारण मागे होते. १९०९ च्या हिवाळ्यात याच धंद्यातील सुमारे २० हजार मुलींनी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर संप लढवला होता. मार खाल्ला होता, तुरुंगात गेल्या होत्या. अनेक कारखानदारांनी तडजोड केली. ट्रँगलच्या मालकांनी युनियनला मान्यता देण्याचे अखेरपर्यंत नाकारले. म्हणून आग लागली तेव्हा मृतांसाठी रडणारे तर होतेच, पण जाब विचारणारेही होते. २ एप्रिल १९११ रोजी मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये शोकसभा भरली. नगरातील थोर व दयाळू मंडळी जमली होती. टोप्या शिवणारी कामगार रोझ श्नायडरमन तेथे हलक्या आवाजात बोलली. तिच्या बोलण्याचा आशय असा की, आम्ही तुम्हा भल्या माणसांना पुष्कळ अजमावून पाहिले आणि तुम्ही उणे पडलात. आता कामगारांनी स्वतःच स्वतःला वाचवले पाहिजे आणि त्यासाठी बलवान चळवळ हवी.

त्यानंतर न्यूयॉर्क राज्याने चौकशी आयोग नेमला. रॉबर्ट वॅग्नर त्याचे अध्यक्ष व अल स्मिथ उपाध्यक्ष. आयोगावर कामगार महासंघाचे सॅम्युएल गॉम्पर्स होते, स्त्री कामगार संघटनेच्या मेरी ड्रायर होत्या. तपासनीसांनी आमदारांना कारखान्यांच्या आत नेऊन उभे केले. काही वर्षांत तीसहून अधिक कायदे झाले: बाहेर पडण्याचे मार्ग, न अडकणारे दरवाजे, आगीचा सराव, कामाचे तास. जळत्या इमारतीतून मुली उड्या टाकताना फ्रान्सिस पर्किन्स यांनी रस्त्यावरून पाहिल्या होत्या. त्याच १९३३ साली अमेरिकेच्या मजूरमंत्री झाल्या. वॅग्नर यांच्या नावाने १९३५ साली संघटना स्वातंत्र्याचा कायदा झाला. सहानुभूती शिकागोतही होती आणि न्यूयॉर्कमध्येही होती. शिकागोत कामगारांचा संप मोडून पडला होता, न्यूयॉर्कमध्ये त्यांची संघटना उभी होती. एके ठिकाणी मांस शुद्ध झाले, दुसऱ्या ठिकाणी कामगाराच्या सुटकेचे दार उघडले.

परंतु आपल्याच बाजूचा हिशेब तपासल्याविना हा युक्तिवाद पुरा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. संघटितांनीही आपली दारे सर्वांना उघडी ठेवली नव्हती. गॉम्पर्स यांच्या महासंघाने चिनी मजुरांच्या बंदीला पाठिंबा दिला आणि अनेक युनियनांनी काळ्या कामगारांना उंबऱ्याबाहेर ठेवले. १९१२ साली रूझवेल्ट यांच्या नव्या प्रोग्रेसिव्ह पक्षाने किमान वेतनाची व सामाजिक विम्याची भाषा केली, पण त्याच्याच अधिवेशनाने दक्षिणेतील काळ्या प्रतिनिधींना बसू दिले नाही. निवडून आलेले विल्सन यांच्या कारकिर्दीत, १९१३ पासून, केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत काळे व गोरे नोकर अलग बसवण्यात आले. आणि समाजवादी? युजीन डेब्स यांना १९१२ साली ९ लाखांवर मते पडली, सुमारे ६ टक्के. १९२० साली युद्धविरोधी भाषणाबद्दल तुरुंगात असतानाही तेवढ्याच लोकांनी त्यांना मत दिले. डेब्स हे वर्णद्वेषी नव्हते. वेगवेगळे बसवलेल्या श्रोत्यांपुढे बोलण्याचे ते नाकारीत. तरीही काळ्या माणसासाठी आपल्या पक्षाकडे वेगळे असे काही देण्यासारखे नाही, वर्गलढ्यात सर्व आलेच, अशी त्यांची भूमिका होती. काळ्यांचा प्रश्न हीच अमेरिकन समाजवादाची कसोटी आहे, असे डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांनी १९१३ साली लिहिले. त्या कसोटीस तो पक्ष उतरला नाही. १९३८ चा मजूर कायदा झाला तेव्हा किमान वेतनाच्या व तासांच्या तरतुदींतून शेतमजूर व घरकामगार वगळले गेले, आणि दक्षिणेतील काळे स्त्रीपुरुष प्रामुख्याने तीच कामे करीत होते. जे संघटनेबाहेर राहिले ते कायद्याबाहेरही राहिले.

द्यू बॉइस हे लिहीत होते त्याच वर्षी, जुलै १९१३ मध्ये, बडोदे सरकारची शिष्यवृत्ती घेऊन एक महाराष्ट्रीय विद्यार्थी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. भीमराव आंबेडकरांचे तेथील गुरू एडविन सेलिग्मन हे प्रगमनशील प्राप्तिकराचे अग्रगण्य पुरस्कर्ते. जॉन ड्यूई यांच्या व्याख्यानांचा ठसाही त्यांच्यावर उमटला. जन्माने संघटनेबाहेर ठेवलेल्या समाजाचा हा पुत्र पुढे दोन्ही आघाड्यांवर लढला. संपाला गुन्हा ठरवू पाहणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध १९३८ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात व रस्त्यावर लढा दिला. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे असतानाच, १९४६ साली, कारखान्यातील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या १९४७ च्या निवेदनात त्यांनी विचारले आहे की राज्यसत्तेच्या नियंत्रणापासून मुक्ती म्हणजे नेमके कोणाचे स्वातंत्र्य? आणि उत्तरही दिले आहे: जमीनदाराला खंड वाढवण्याचे, भांडवलदाराला तास वाढवण्याचे व मजुरी घटवण्याचे. लॉकनर खटल्यातील करारस्वातंत्र्याला इतके नेमके उत्तर फारच थोड्यांनी दिले असेल.

यावर कोणी म्हणेल की, मग मध्यमवर्गीय सुधारकांची संगत समाजवाद्यांनी टाळावी काय? मुळीच नाही. भेसळमुक्त अन्न मजुराच्या मुलालाही लागते. किंबहुना त्यालाच अधिक लागते, कारण निवड करण्याइतका पैसा त्याच्या बापाजवळ नसतो. केली, पर्किन्स, ब्रँडाइस यांनी जो अभ्यास केला तो कोणत्याही युनियनला एकटीने साधला नसता. सुधारणेला नाक मुरडून क्रांतीची वाट पाहत बसणे ही चैन पोट भरलेल्यांनाच परवडते. प्रश्न सुधारणा हवी की नको हा नाहीच. ती कोणाच्या हातात राहणार, हा आहे. तज्ज्ञांनी आखलेला व सज्जनांनी मंजूर केलेला कायदा पुस्तकात सुखरूप राहू शकतो. कारखान्यात तो तेवढाच चालतो, जेवढा तेथला कामगार त्याचे नाव घेऊन निर्भयपणे उभा राहू शकतो.

हा केवळ शंभर वर्षांमागचा इतिहास नव्हे. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या मजूर खात्याने एका चौकशीचा निष्कर्ष जाहीर केला. कत्तलखाने रात्री धुऊन काढण्याचे कंत्राट घेणाऱ्या एका कंपनीने ८ राज्यांतील १३ ठिकाणी १३ ते १७ वर्षे वयाची किमान १०२ मुले धोक्याच्या कामांवर ठेवली होती. मेंदू काढण्याची यंत्रे, हाडे कापण्याच्या करवती, हे सर्व तीव्र रसायनांनी धुण्याचे ते काम. कंपनीला १५ लाख डॉलर दंड झाला. पुढच्याच महिन्यात अर्कान्सा राज्याने १६ वर्षांखालील मुलांना नोकरीसाठी लागणाऱ्या परवान्याची अटच काढून टाकली.

मांस तपासणारे सरकारी निरीक्षक १९०६ पासून अशा कारखान्यांत येत आले आहेत. धुतलेल्या यंत्रांवर कापलेले मांस ते आजही तपासतात आणि त्यावर शुद्धतेचा शिक्का मारतात. रात्री ती यंत्रे कोणी धुतली, हे विचारण्याचे काम त्यांचे नाही. ते काम ज्यांचे आहे त्यांनी ते आपल्या हाती ठेवले पाहिजे.